लाखो मतांपैकी शे-दोनशे पत्रिका तपासून निकालाची खात्री कशी पटते?

शंकेखोर_सखू

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याच्या निवडणुकांबद्दल वाचताना एका ठिकाणी गाडी अडली. तिथे मतं यंत्र मोजतं, पण निकालावर शेवटचं शिक्कामोर्तब होण्याआधी काही कागदी मतपत्रिका बाहेर काढून माणसं त्या डोळ्यांनी तपासतात. कुठल्या काढायच्या हे ठरवायला चारचौघांसमोर दहा पैलूंचे फासे टाकतात. २०१७ पासून राज्यभर हे चालू आहे म्हणे. इथवर वाचून मजा वाटली. पुढे होतं की लाखो मतांच्या लढतीतही कधीकधी शे-दोनशे पत्रिका पाहून काम भागतं.

शे-दोनशे? दहा लाख मतांत दोनशे म्हणजे एक टक्क्याचा पन्नासावा हिस्सा! मी हिशेबखात्यात नोकरी करते. आमच्याकडे ऑडिट म्हटलं की दहा टक्के व्हाउचरं काढून ठेवायची, आणि तेवढ्यानंही साहेबांचं समाधान होत नाही. निवडणुकीत एवढ्याशा तपासणीवर कोण विश्वास ठेवणार? आणि तपासताना चूक सापडलीच तर पुढे काय करतात? संख्याशास्त्राशी माझा संबंध बारावीत संपला, तेव्हा सिग्मा-बिग्मा न आणता कोणी समजावून सांगेल का?

रिकामटेकडा

सखूताई, एक्झिट पोलवालेपण म्हणतात की आमचा नमुना शास्त्रशुद्ध आहे. निकालाच्या संध्याकाळी त्यांचे चेहरे बघून घ्या म्हणजे उत्तर मिळेल.

(जाणकारांच्या प्रतिसादांसाठी जागा धरून बसलो आहे.)

जुना_मापाडी

रिकामटेकडे, एक्झिट पोल आपटतात ते बहुतेक वेळा नमुना लहान असतो म्हणून नव्हे. कोणाला गाठलं, कोण उत्तर न देता सटकलं, कोण थाप मारून गेलं, तिथे घोळ होतो. पेटीतला कागद सटकत नाही. त्याचा क्रमांक निघाला की तो हजर व्हायलाच हवा, आणि नाहीच सापडला तर तो विजेत्याच्या विरोधात धरूनच पुढचं गणित करतात.

सखूताई, तुमच्या त्या "दहा टक्क्यां"शी माझं जुनं वैर आहे. कारखान्यात माल तपासण्यात उभा जन्म गेला, आणि येणारा प्रत्येक नवा साहेब हेच सांगायचा: लॉटमधला दहा टक्के माल तपासा. शंभर नगांतले दहा, आणि लाख नगांतले दहा हजार. पहिल्यात काही कळत नाही आणि दुसऱ्यात माणसं फुकट राबतात.

आकडेच देतो. समजा मतांच्या गठ्ठ्यांपैकी चार टक्के गठ्ठ्यांत गडबड आहे, आणि त्यातला निदान एक तरी आपल्या हाती लागेल याची ९५ टक्के शाश्वती हवी आहे. एकूण गठ्ठे २५० असतील तर चिठ्ठ्या टाकून ६४ उघडावे लागतील. १,००० असतील तर ७१. एक लाख असतील तर ७४. ढीग चारशे पट झाला आणि काम वाढलं दहा गठ्ठ्यांनी. तेव्हा "एकूण ढिगाच्या किती टक्के" हा प्रश्न आधी डोक्यातून काढून टाका.

मग तपासणी किती करायची हे कशावरून ठरतं? जिंकणारा किती फरकानं जिंकला यावरून. निवडणुकीनंतरच्या या ऑडिटचा सगळा जीव मताधिक्यात आहे. कारखान्यात आम्ही विचारायचो की माल किती खराब आहे. इथे प्रश्न वेगळा असतो: ज्याला विजयी जाहीर केलं तो खरंच जिंकलाय का? मोजणीत चारदोन चुका असल्या आणि विजेता तरीही तोच राहत असला, तर हे ऑडिट त्या चुकांमागे लागत नाही.

या पद्धतीला जोखीम-मर्यादित ऑडिट म्हणतात. बर्कले विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी २००८ मध्ये तिचा पाया घातला. वचन एकच असतं. जाहीर निकाल चुकीचा असेल, तर तो न पकडता ऑडिट थांबण्याची शक्यता ठरवलेल्या मर्यादेपेक्षा, समजा पाच टक्क्यांपेक्षा, जास्त नसेल. याचा अर्थ "निकाल ९५ टक्के बरोबर आहे" असा लावू नका. वर्तमानपत्रंसुद्धा तसा लावतात. निकाल बरोबर असण्याची शक्यता किती हे ऑडिट सांगतच नाही. चुकीचा निकाल निसटून जाऊ नये एवढीच राखण ते करतं.

आता प्रत्यक्ष रीत. २०१२ मध्ये लिंडमन, स्टार्क आणि येट्स यांनी 'ब्राव्हो' नावाची एक पद्धत मांडली. तिच्या पोटात अब्राहम वाल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युद्धसामग्री तपासण्यासाठी बसवलेलं गणित आहे, म्हणजे आमच्याच धंद्यातलं. त्यामुळे मला ते जरा जास्तच आवडतं.

दोन उमेदवार, जाहीर निकाल ५५ विरुद्ध ४५ टक्के. कागदावर १ हा आकडा लिहा. चिठ्ठीनं एक मतपत्रिका काढा. मत विजेत्याला असेल तर आकड्याला १.१ नं गुणा. पराभूताला असेल तर ०.९ नं गुणा. (५५ आणि ४५ यांना ५० नं भागलं की हेच गुणक येतात.) कोरी किंवा बाद निघाली तर आकडा तसाच ठेवा. मग पुढची पत्रिका. आकडा २० वर पोचला की थांबा, निकाल कायम. पोचतच नसेल तर काढत राहा. काढता काढता सगळ्या पत्रिका संपल्या तर ती आपोआप हातानं केलेली पूर्ण मोजणीच झाली, आणि मग तोच निकाल.

२० का? समजा खरं तर लढत बरोबरीत सुटली आहे आणि यंत्रानं एकाला फुकट जिंकवलंय. मग प्रत्येक पत्रिकेला १.१ आणि ०.९ यांची संधी समसमान. सरासरी काढा: बरोबर १. म्हणजे तुमचा आकडा वर-खाली हेलकावे खाईल, पण सरासरीनं जिथल्या तिथेच राहील. अशा समतोल खेळात १ पासून निघून कधीतरी २० ला शिवण्याची शक्यता वीसात एकापेक्षा जास्त असूच शकत नाही. तसं असतं तर सरासरी १ च्या वर गेली असती. वीसात एक म्हणजेच पाच टक्के. खरा विजेता दुसराच असेल तर शक्यता याहूनही कमी. आणि निकाल खरोखर ५५-४५ असेल तर १.१ जास्त वेळा लागतो, आकडा चढत जातो आणि सुमारे सहाशे पत्रिकांत काम उरकतं. ओळीनं सगळी मतं विजेत्याचीच निघाली तर बत्तिसाव्या पत्रिकेलाच २० पार, पण तसं नशीब कुठे मिळतं!

मात्र लढत ५१-४९ अशी असली तर सहाशेचे सरासरी पंधरा हजार होतात. फरक पाचपटीनं आटला की काम पंचवीसपट. इथे फरकाचा वर्ग येतो (पाच पाचे पंचवीस), आणि तोच मारतो.

तुम्ही वाचलेले शे-दोनशे आले ते दुसऱ्या रीतीतून. कोलोराडोत यंत्र प्रत्येक कागदाची वेगळी नोंद ठेवतं: अमुक पेटी, अमुक गठ्ठा, वरून अमुकावा कागद, मत याला. मग तो नेमका कागद काढून यंत्रानं तो बरोबर वाचला का एवढंच पाहायचं. इथे कोणाला किती टक्के मतं पडली याचा अंदाज बांधायचा नसतो, नुसती चूक शोधायची असते. त्यामुळे वर्गाचा जाच सुटतो. पाच टक्के मर्यादेला, एकही चूक निघाली नाही तर, मतांत दहा टक्क्यांचं अंतर असताना साठ-बासष्ट कागद पुरतात. दोन टक्के अंतराला तीनशेच्या थोडे वर. चूक सापडली तर ती किती मतांची आणि कोणाच्या बाजूची हे पाहून आणखी कागद काढावे लागतात.

फाशांचंही सांगतो. आधी यंत्राचे सगळे आकडे गोठवायचे, फासे नंतर. उलटं केलं तर लबाडी करणाऱ्याला कुठल्या कागदांना हात लावायचा नाही हे आधीच कळेल.

वैशाख_वणवा

मापाडीकाका, समजावलंत छान. पण मला हे पटत नाही. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं ३ मार्च २००९ ला मतदान यंत्रांबाबत निकाल दिला. मतदानाचे महत्त्वाचे टप्पे आणि निकाल कुठल्याही नागरिकाला विशेष ज्ञानाशिवाय पडताळता आले पाहिजेत असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तुमचा १.१ आणि ०.९ चा गुणाकार त्या कसोटीला उतरतो का? माझ्या आईला मी हे समजावू शकणार नाही. "सगळी मतं सगळ्यांसमोर मोजली" हे मात्र तिला एका वाक्यात कळतं. यंत्रावर विश्वास ठेवू नका म्हणायचं आणि त्याच्या जागी प्राध्यापकांवर ठेवायचा, यात काय मिळवलं?

रिकामटेकडा

वणव्याशी सहमत. शिवाय २०२० ला अमेरिकेत कोणीतरी बेनफर्डचा नियम लावून गडबड पकडली होती ना? पहिल्या अंकावरून? म्हणजे आकड्यांची सुरुवात १ नं जास्त वेळा व्हायला हवी, तशी झाली नाही की संशय? ते तर पेट्या न उघडताच झालं.

जुना_मापाडी

बेनफर्डचं आधी निकालात काढतो. तो नियम आकडे अनेक पटींत पसरलेले असतील तिथे चालतो: दहापासून लाखापर्यंत वगैरे. मतदान केंद्रं मुद्दामच साधारण सारख्या आकाराची आखतात. प्रत्येक ठिकाणी एखाद्याला तीनशे ते नऊशे मतं पडत असतील तर पहिला अंक १ येणार कुठून? मग कोणीतरी आलेख काढून बोंब मारतं. आकड्यांच्या नक्षीवरून संशय घेणं निराळं आणि कागद उघडून पुरावा पाहणं निराळं. मी दुसऱ्याबद्दल बोलतोय.

वणवा, तुमचा आक्षेप मात्र वजनदार आहे. अर्धा मान्यच करतो. ज्या देशात एका मतदाराला एका वेळी एक-दोनच मतं द्यायची असतात आणि मोजायला माणसं आहेत, तिथे हातानं मोजलं तर माझी काही तक्रार नाही. अमेरिकेत एकाच पत्रिकेवर राष्ट्राध्यक्षापासून स्थानिक न्यायाधीशापर्यंत डझनावारी लढती असतात. तिथे दर वेळी सगळं हातानं मोजायला बसलात तर माणसं पेंगायला लागतात, आणि पेंगलेला माणूस यंत्रापेक्षा जास्त चुकतो. माल तपासणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पाळीच्या शेवटच्या तासात पास झालेला माल आम्ही स्वतःच दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचो.

दुसरं असं की पूर्ण मोजणीला हे ऑडिट पर्याय म्हणून उभं नाहीच. पूर्ण मोजणी कधी करायलाच हवी हे ते सांगतं. नोव्हेंबर २०२० मध्ये जॉर्जिया राज्यात राष्ट्राध्यक्षपदाच्या लढतीचं ऑडिट करायचं ठरलं. फरक इतका थोडा होता की नमुना काढत बसण्यापेक्षा सगळंच मोजणं सोपं होतं, म्हणून जवळजवळ पन्नास लाख मतपत्रिका हातानं मोजल्या. त्या मोजणीत फ्लॉईड काउंटीत स्कॅनच न झालेल्या अडीच हजारांवर पत्रिका सापडल्या. विजेता बदलला नाही. अंतिम फरक ११,७७९ चा राहिला. पण त्या पत्रिका उजेडात आल्या हे महत्त्वाचं.

आईंना काय सांगायचं? गुणाकार सांगू नका. एवढं सांगा की कुठले कागद काढायचे हे आधी कोणालाच माहीत नव्हतं, ते सगळ्यांसमोर काढले, वाचले, आणि शंका उरली असती तर सगळे काढले असते. गुणाकार ज्याला करायचाय त्यानं घरी करावा. आकडे जाहीर असतात आणि पाचवीचं गणित लागतं. प्राध्यापकावर विश्वास ठेवायची गरज पडत नाही.

खरी दुखरी नस वेगळीच आहे आणि ती तुम्ही कोणी दाबली नाहीत. ऑडिट कागदाइतकंच खरं. पेट्यांची मोहर, कुठल्या खोलीत किती गठ्ठे याची यादी, किल्ली कोणाकडे, हे ढिलं असेल तर माझं सगळं गणित बदललेल्या कागदांनाच मोठ्या आत्मविश्वासानं "बरोबर" म्हणेल. स्टार्क स्वतः याबाबत फार कडक आहेत. मतदारानं हातानं खूण केलेला कागद आणि यंत्रानं छापून दिलेला कागद यांत ते फरक करतात. छापलेला कागद मतदारानं नीट वाचलाच नसेल, तर त्याच्या मनात कोण होतं हे त्या कागदाला कसं कळणार?

मोजदाद

मी मतमोजणीच्या टेबलावर बसलेलो आहे, त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही. आपल्याकडे व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या मोजतो ती पाच केंद्रं या गणितात कुठे बसतात? सोडत काढून केंद्रं निवडतो, उमेदवारांचे प्रतिनिधी समोर असतात, सगळं रीतसर. पण पाचच का, हे मला कोणी सांगितलेलं नाही.

जुना_मापाडी

मोजदादसाहेब, तुम्ही आलात हे बरं झालं. आधीच सांगतो, गैरप्रकार होतो असं मी म्हणत नाही. फक्त तपासणीचं माप बघू.

पूर्वी प्रत्येक विधानसभा मतदारसंघात एका केंद्राच्या चिठ्ठ्या मोजत. सर्वोच्च न्यायालयानं ८ एप्रिल २०१९ ला त्याची पाच केली. एकवीस विरोधी पक्षांच्या नेत्यांची मागणी पन्नास टक्क्यांची होती. म्हणजे सखूताईंच्या साहेबांचेच थोरले भाऊ! त्याच सुमारास निवडणूक आयोगानं भारतीय सांख्यिकी संस्थेकडून अहवाल मागवला होता. त्यात देशभरातून मिळून ४७९ यंत्रं तपासली तरी पुरेत असा हिशेब निघाला. तो हिशेब चुकीचा नाही. देशातली दोन टक्के यंत्रं बिघडलेली असतील, तर ४७९ काढून सगळीच्या सगळी चांगली निघण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी.

पण निकाल देशाचा एक लागत नाही. प्रत्येक मतदारसंघाचा वेगळा लागतो.

आता तुमच्या टेबलावर या. एक विधानसभा मतदारसंघ, २५० केंद्रं. फरक २,००० मतांच्या आतला. एका यंत्रात शंभर मतं इकडची तिकडे झाली की फरक दोनशेनं हलतो. दहा यंत्रांत तसं झालं तर निकाल फिरला. २५० पैकी ती दहा. तुम्ही काढणार पाच. त्या पाचांत दहांपैकी एकही न येण्याची शक्यता ८१ टक्के. दुसरीकडे फरक ४०,००० चा असेल तर निकाल फिरायला दोनशे यंत्रं लागतील, आणि तेव्हा तीच पाच केंद्रं इतकी भरपूर आहेत की सगळी चांगली निघण्याची शक्यता दहा हजारांत तीनच्या आसपास. पाच हा आकडा एके ठिकाणी अपुरा पडतो आणि दुसरीकडे ढिगानं पुरतो. एकच माप सगळ्यांना लावलं की असंच होतं. पन्नास टक्के लावलंत तरी तेच, फक्त जास्त घाम गाळून.

दुसरी उणीव मला जास्त खटकते. एखाद्या केंद्रावर यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तर चिठ्ठ्यांचा आकडा धरतात, हे निवडणूक संचालन नियमांतल्या नियम ५६ड मध्ये आहे आणि ते योग्यच आहे. पण ते त्या केंद्रापुरतं. एक विसंगती निघाली म्हणून आपोआप आणखी दहा केंद्रं उघडायची, तिथेही निघाली तर सगळी, अशी पायरी नाही. उमेदवार अर्ज करू शकतो, निर्णय निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात न्यायालयानं शंभर टक्के मोजणीची मागणी फेटाळली आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांची स्मृती तपासून मागायची मुभा दिली, खर्च त्याच्याकडे, छेडछाड सिद्ध झाली तर परत. तो यंत्राचा तपास झाला. निकालाचा तपास म्हणजे फरक बघून केंद्रांची संख्या ठरवणं, आणि ते कुठल्याच नियमात अजून आलेलं नाही.

मोजदाद

पटलं. फरकाप्रमाणे केंद्रं ठरवली तर बहुतेक मतदारसंघांत पाचहून फार जास्त लागणारही नाहीत. चुरशीच्या ठिकाणी मात्र आमची रात्र होईल. असो, तशीही होतेच.

शंकेखोर_सखू

काका, मनापासून आभार. मी संगणकावर गुणाकार मांडून पाहिला. ५५-४५ ठेवलं की आकडा अडखळत का होईना वर सरकतो, आणि बरोबरी ठेवली की बिचारा १ च्या खाली जाऊन लोळत पडतो! बघायला फार गंमत येते. एक राहिलं: उमेदवार दोनच कुठे असतात? तिघेचौघे असले तर?

जुना_मापाडी

विजेता विरुद्ध प्रत्येक पराभूत अशी एकेक जोडी करायची आणि प्रत्येक जोडीचा आकडा वेगळा चालवायचा. तिसऱ्याचं मत निघालं तर पहिल्या-दुसऱ्याच्या जोडीचा आकडा हलत नाही. सगळ्या जोड्या २० च्या पार गेल्या की थांबा. प्रत्येक जोडीतल्या दोघांच्या मतांची टक्केवारी त्या दोघांपुरतीच काढून गुणक ठरवा, नाहीतर १.१ च्या जागी भलतंच काही येईल. दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवारच बहुतेक वेळ खाईल, बाकीचे लवकर सुटतील.